घरी जेवणारा

हृदयतपासणीच्या धावत्या पट्ट्यावरून मी उतरलो, तेव्हा डॉक्टर पडद्याकडे बघून हसले. "वीस वर्षं बस चालवताय, वाटेत मिळेल ते तळलेलं खाताय, तरी हृदय ठणठणीत! जा, नोकरी शाबूत."

बाहेर धप्पकन आवाज झाला.

बाकावर माझी वाट बघत बसलेला माझा जुळा भाऊ जमिनीवर पडला होता. घामाने चिंब.

"घाबरू नका," डॉक्टर त्याच्यापाशी बसत म्हणाले. "अशा हुबेहूब जुळ्यांची जनुकं सारखीच. पण खाण्याप्रमाणे त्यांची बटणं चालू-बंद होतात आणि हृदय सुधारतं नाहीतर बिघडतं. हे काय खातात?"

"घरचं," भाऊच पुटपुटला. "साधं."

"मग झालं! बाहेरचं खाणारा धडधाकट, तर घरी जेवणाऱ्याला काय धाड भरलीय? चक्कर असेल. साखरपाणी द्या."

भावाचा एक हात छातीवर होता. दुसऱ्याने त्याने माझं मनगट आवळलं. शाळेत मी त्याच्या जागी पेपरला बसायला निघालो की आवळायचा, तसंच.

"नोकरी," तो नुसत्या ओठांनी म्हणाला.

नर्स साखर ढवळत होती.

ढवळत होती.

"डॉक्टर," मी म्हणालो, "बस हा चालवतो. घरी मी जेवतो."