खरखरीमागचा आवाज

"आवाजाची सोय मदरबोर्डातच असते, भाऊ. फुकटात. पण मग ऐकायलाही फुकटातलंच मिळतं," कुबान म्हणाला आणि त्याने टेपची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात खुपसली. "आधी हे ऐका. मग साउंड कार्ड घालून ऐकवतो. नऊशे सोम घालवायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा."

तुराट हसला. बिश्केकच्या दुकानदारांची ही बोलणी त्याला नवी नव्हती. शेजारी स्टुलावर त्याची आई उमसुनाई पिशवी मांडीवर धरून बसली होती. टेपमधली कॅसेट तिच्या नवऱ्याची, ती सीडीवर उतरवायची होती. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. शनिवारी आश होतं, वर्षाचं जेवण. चारशे माणूस यायचं होतं, आणि जेवणाआधी मैदानात लाउडस्पीकरवर त्याने तारांवर छेडलेला कोमुझ लावायचा, हा हट्ट उमसुनाईचा.

"सीडीवर नाव काय घालू, आपा? वाजवणाऱ्याचं?" कुबानने विचारलं. तिकडे आईला आणि आईच्या वयाच्या बाईलाही आपाच म्हणतात.

उमसुनाईने मुलाला कोपराने ढोसलं. "तू सांग."

"सातिबाल्दी," तुराट म्हणाला.

कुबानने मुकाट्याने लिहून घेतलं. त्याच्या आईचंही तेच होतं. सासरच्या थोरल्यांचं नाव सून घेत नाही, आणि नवऱ्याचं तर नाहीच नाही. कचेरीत कारकुनाने दरडावून विचारलं, तरी उमसुनाई मागे वळून कुणाला तरी पुढे करायची. अडतीस वर्षांत 'तुराटचे वडील' याच्यापुढे तिची जीभ गेली नव्हती. निदान लोकांना तरी तसंच ठाऊक होतं.

पहिल्या खेपेला कोमुझ वाजला, पण खरखरीत बुडून. कुबानने माउस हलवला की आत डास गुणगुणल्यासारखं व्हायचं. "हे तारांचं नव्हे हं. हे या डब्याच्या पोटातलं," तो म्हणाला.

तुराटचं तेवढ्यावर भागत होतं. "मैदानात कोण एवढा कान लावून बसतोय? सगळ्यांचं लक्ष मटणाकडे."

"तुझा बाप काही मटण शिजेपर्यंत वेळ जावा म्हणून वाजवत नव्हता," उमसुनाई म्हणाली. "तीन तारा आहेत, तिन्ही ऐकू आल्या पाहिजेत. घाल रे ते कार्ड."

कुबानने डबा उघडला, कार्ड बसवलं, स्क्रू आवळला, वायर बदलली.

या खेपेला तारा सुट्ट्या झाल्या. नख लाकडाला घासलेलंही कळलं. उमसुनाईचा जीव निवला. मग गत संपली, आणि जिथे आजवर नुसती खरखर होती, तिथे एक बाई लाडात कुजबुजली.

"सातिबाल्दी, ते पुन्हा वाजव ना."

पुरुष हसला. कोमुझ पुन्हा सुरू झाला.

उमसुनाईने तो आवाज ओळखला. डोंगरावरचं उन्हाळी कुरण, तंबू, पाळण्यात झोपलेला तुराट, सासू घोडीचं दूध काढायला गेलेली. आणि टेप चालू! हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आसपास चिटपाखरू नसलं, की तेवढ्यापुरतं ती त्याचं नाव घ्यायची. त्याला ते फार आवडायचं.

कुबान आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळू लागला.

"कोण होती ही बाई?" तुराटने विचारलं.

तुराटने त्याचं गणित केव्हाच मांडलं होतं. आई बाबांचं नाव घेत नाही. म्हणजे ही आई नव्हे.

"काढ ते कार्ड," तो म्हणाला. "मदरबोर्डावरचंच बरं आहे. खरखर असू दे." मग त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी तो असं कधी करत नसे. "आपा, मनाला लावून घेऊ नकोस. फार जुनी गोष्ट आहे. गेलेल्या माणसाचं कुणी उकरून काढू नये."

उमसुनाईला आधी सुटल्यासारखंच वाटलं. शनिवारी मानाच्या जागी थोरले दीर बसणार होते. त्यांच्यासमोर ती अजूनही डोक्याचा रुमाल कपाळावर ओढून घ्यायची, त्यांच्याकडे पाठ करायची नाही. त्यांच्या कानावर हे पडलं असतं, तर उतारवयात शोभा झाली असती. खरखर राहिली की झाकली मूठ राहत होती. नुसतं गप्प बसायचं होतं.

पण मुलाचा हात अजून खांद्यावर होता. हाच हात शनिवारी बापाच्या कबरीपुढे दुव्यासाठी पसरला जायचा, आणि पसरताना त्याच्या मनात काय असणार, ते तिला आत्ताच दिसत होतं. तिला त्या मेलेल्या माणसाची भयंकर कीव आली. तिचा भाबडा नवरा. उभ्या जन्मात त्याने दुसऱ्या बाईकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

कुबानने टेप बंद करून कॅसेट बाहेर काढली आणि हातात धरून उभा राहिला. "मग? काय करू?"

"कार्डच राहू दे," उमसुनाई म्हणाली.

"आपा! चारशे लोकांत त्या बाईचा आवाज? मोठे काका समोर बसलेले असणार!"

"असू देत."

"अगं, हसं तुझंच होईल!"

"ते तर होणारच," ती म्हणाली.

तिने पिशवी खाली ठेवली. मुलाकडे पाहिलं नाही. गळा आता जाडाभरडा झाला होता, पण लाडिकपणा तसाच होता.

"सातिबाल्दी, ते पुन्हा वाजव ना."

तुराटने चटकन टेपकडे पाहिलं. कॅसेट कुबानच्या हातात होती.