गळलेलं टिंब

बाळाला ताप चढला होता. त्याच्या आईने मोबाइलवर बालसंगोपनाचं ई-बुक उघडलं आणि त्यात सांगितल्याप्रमाणे मापात औषध ओतलं. तेवढ्यात नर्स असलेल्या नणंदेने तिचा हात धरला. “वहिनी, पंधरा मिली? अगं, दीड!” छापील पुस्तकात दीडच होतं, ई-बुकमध्ये दशांशचिन्हाचं टिंब गळलं होतं. बाळ बचावलं, पण तिला चैन पडेना. तिने ई-बुकच्या दुकानाला कळवलं. उत्तर आलं, “प्रकाशकांशी बोला.” प्रकाशक म्हणाले, “ई-बुकचं दुकानवाले बघतात.” नवरा म्हणाला, “आपलं बाळ ठणठणीत आहे ना? सोड आता.” “अरे, पुस्तक अजून विकलं जातंय! सगळ्यांच्या घरात नर्स नणंद नसते.” शेवटी तिने पुस्तकाला एकच स्टार दिला आणि खाली हकीकत लिहिली. चहा निवायच्या आत प्रकाशकांचा फोन आला. “ताई, पुस्तक काढलं विक्रीतून. पण आधी आम्हाला सांगायचंत ना!”