पिंजऱ्याचं भाडं

पडद्यावर चौथ्यांदा तीच सूचना आली. मुदत संपली आहे, पैसे भरा, मग फाइल उघडेल. आपल्या डिझाइनच्या दुकानात मेहरुनने माउस बाजूला सरकवला आणि समोर स्टुलावर बसलेल्या हितेंद्रकडे पाहिलं. सॉफ्टवेअर कंपनीचा जळगावातला एजंट तोच.

"मॅडम, वर्षाचे एकवीस हजार. आत्ता भरा, पाच मिनिटांत सगळं चालू," तो म्हणाला. "मागच्या महिन्यापर्यंत सोळा होते. दर काही माझ्या हातात नाही."

"एका फाइलपुरतं उघडून द्या. चार वाजता डिझाइन एमआयडीसीत खोकी छापणाऱ्याकडे पोचायला हवं."

"तसं होत नाही. घ्यायचं तर वर्षाचंच."

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. मेहरुनच्या मागे भिंतीवर एक बिल लॅमिनेट करून लावलेलं होतं. चौदा वर्षांपूर्वी तिने याच कंपनीचं सॉफ्टवेअर रोख पैसे मोजून घेतलं होतं, त्याचं. ओळीतली बाकी दुकानं चोरीच्या सीडीवर चालायची तेव्हा तिला हसायची. ती त्या बिलावरची धूळ रोज पुसायची.

चूक तिचीच होती, आणि तेच तिला जास्त लागलं होतं. महिन्यापूर्वी हितेंद्रने नवी आवृत्ती ठरावीक मुदतीपुरती फुकट वापरायला घालून दिली. जुन्या सगळ्या फाइली नव्यात बदलू का, असं त्या आवृत्तीनं विचारलं, आणि मेहरुनने हो म्हटलं. तिला अर्धवट काम खपत नाही. म्हणून जपून ठेवलेल्या डिस्कवरच्या प्रतीसुद्धा तिने बसून बदलून घेतल्या. आता कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर त्यातली एकही फाइल ओळखत नव्हतं, आणि नवं पैशांशिवाय तोंड उघडत नव्हतं. अकराशे डिझाइनं. सगळी तिच्या हातची.

दारातल्या खुर्चीवर कौतिक नाना हे सगळं ऐकत होते. रावेरकडचे केळीवाले; अडकलेली फाइल त्यांच्याच खोक्यांवरच्या राघूची होती. नाना दुकानात कधी रिकाम्या हाताने आले नाहीत. आजही दोन फण्या घातलेलं खोकं त्यांच्या पायाशी होतं.

"नाना, या खेपेला खोक्यांवर नुसतं नाव छापलं तर?" मेहरुनने विचारलं. विचारतानाच तिला लाज वाटली.

"नाव कोन वाचतं, पोरी? दिल्लीले हमाल राघू पाहून गाडी खाली करतात. राघू नसला तं माहा माल कोनाच्या ढिगात जाईन, देवालेच ठाऊक. उद्या सकायी कापनी हाये."

"म्हणूनच म्हणतो, भरून टाका," हितेंद्र म्हणाला. "आजकाल सगळे असंच घेतात."

नानांनी त्याच्याकडे मान वळवली. "भाऊ, राघू कोनं काढला?"

"मॅडमनी."

"पैसे कोनं देले?"

"तुम्ही."

"मंग राघू आमचा, अन् पिंजऱ्याचं भाडं तुमाले कसाले?"

हितेंद्र नुसता हसला.

मेहरुन मात्र हसली नाही. तिची नजर नानांच्या पायाशी गेली होती. खोक्याच्या बाजूवर हिरवा राघू बसला होता, लाल चोच, मान जरा वाकडी. तासभर तो तिथंच होता.

"एकवीस हजार आहेत माझ्याकडे, हितेंद्रभाऊ," ती उठत म्हणाली. "गल्ल्यात आहेत. पण देणार नाही. माझंच काम मला दाखवायचे पैसे मी कुणाला देणार नाही."

तिने फण्या काढून टेबलावर ठेवल्या, कटरने खोक्याची बाजू कापली आणि काउंटरवर आडवी पसरली. वर बटर पेपर चिकटवला. मग पेन घेऊन चोचीपासून सुरुवात केली. चौदा वर्षांत हात थोडा जड झाला होता, पण पंखाच्या वळणाशी आल्यावर त्याला आपलीच वाट सापडली. पहिल्यांदा राघू काढला तेव्हाच मान वाकडी गेली होती. ती सरळ करावी असं कितीदा मनात आलं होतं.

"वाकडीच राहू दे," नाना म्हणाले. "हमालाईले तीच ठाऊक हाये."

कागद तिने स्कॅन केला, कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर घेतला, रेघा साफ केल्या, रंग भरले. जुन्या सॉफ्टवेअरने काहीही न विचारता फाइल ठेवून घेतली. सव्वातीनला नाना पेनड्राइव्ह बंडीच्या आतल्या खिशात घालून एमआयडीसीकडे निघाले. राघूचा बटर पेपर मेहरुनने त्या बिलाच्या शेजारी भिंतीवर लावला.

"अजून हजाराच्या वर राहिलेत, मॅडम," हितेंद्र हलकेच म्हणाला. "असे किती काढणार?"

"ज्याला लागेल त्याचं काढीन."

तो उठला, पण दारापर्यंत जाऊन घुटमळला. तिने मान वर केली.

"माझी व्हिजिटिंग कार्डं संपलीत," तो म्हणाला. "परवा नाशिकला मीटिंग आहे. दोनशे हवी होती. तुमच्याकडेच केली होती ना मागे."

"ती फाइलही त्या अकराशेतच आहे," मेहरुन म्हणाली. "बोला. भाडं भरता, की हाताने काढू?"

हितेंद्रने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मग पाकिटातलं शेवटचं, कडा दुमडलेलं कार्ड काढलं आणि काउंटरवर, मघाशी राघू होता तिथे ठेवलं.