चौथं शील

मुक्ताबाईनं पोराचा पांढरा सदरा सकाळीच इस्त्री करून ठेवला. नशेच्या गोळ्या सोडायला इंद्रजीत तीन महिने पडेगावच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, त्यानंतरची ही पहिली पौर्णिमा. "समद्यांसंगं पंचशील म्हण, दुसरं कायबी मागत नाय." "व्हय, माय." विहारात सगळे हात जोडून बसले. भंतेजी एकेक शील सांगत, मागून लोक म्हणत. तिचे कान मात्र शेजारच्या एकाच आवाजाकडे लागले होते. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, तिसरंही झालं. चौथं, खोटं बोलणार नाही, हे तर त्यानं खणखणीत म्हटलं. तिचा जीव भांड्यात पडला. पाचवं आलं: नशा करणार नाही. सगळा विहार बोलला, शेजारचा आवाज आला नाही. इंद्रजीतनं जोडलेले हात सोडून मांडीवर ठेवले. "म्हण की रे," ती काकुळतीनं म्हणाली. "चौथं आत्ताच घेतलंय, माय."