कुलपाचं गाऱ्हाणं

चाळीस मिनिटं झाली तरी आमदारसाहेबांचं भाषण अजून गावात शूटिंग झालेल्या पिक्चरवरच होतं. "त्या एका चित्रपटानं तुमचं गाव जगाच्या नकाशावर नेलं!" साहेब म्हणाले. कॉलरला चिमुकला माइक, दोन्ही हात मोकळे, त्यामुळे हातवारे तर विचारूच नका. देवळासमोरच्या मांडवात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून जरा जास्तच, कारण त्यांना पिक्चरच्या टोप्या फुकट मिळाल्या होत्या.

सत्यवान गावकराने टाळी वाजवली नाही. त्याच्या हातात नारळ होता. या गावात कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. सत्यवानाने देवाला चार शब्द सांगायचे आणि दर वाक्याला गावाने हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आजोबापासून चालत आलेला मान. पण साहेबांना एकच्या आत कुडाळ गाठायचं होतं, म्हणून आज भाषण आधी आणि देव मागाहून.

पिक्चरला पेपरवाल्यांनी साडेचार तारे दिले होते. मुंबईचे लोक म्हणे डोळे पुसत बाहेर पडत. सत्यवानही बघून आला आणि चहाच्या टपरीवर म्हणाला, "समुद्रान काम बरा केल्यान. बाकीचे उगीच रडत होते." नायकाने घातलेलं गाऱ्हाणं तर त्याला सोसलंच नाही. मागे ढोल, पुढे धूर आणि मधे नायक शिरा ताणून ओरडतोय. अरे, देव काय बहिरा आहे?

पण खरं दुखणं वेगळं होतं. गावातल्या आरोग्य उपकेंद्राची फीत साहेबांनी चार वर्षांपूर्वी कापली. फोटो झाले, पेढे झाले आणि संध्याकाळी कुलूप लागलं ते लागलंच. ना नर्स, ना औषध. उघडलं ते एकदाच, शूटिंगसाठी. खाटा आल्या, पांढऱ्या चादरी आल्या, मुंबईची नटी नर्स झाली आणि भर वादळात तिने नायकाच्या बायकोचं बाळंतपण करून दाखवलं. थेटरात टाळ्या! आठव्या दिवशी खाटा टेम्पोत चढल्या आणि कुलूप पुन्हा आपल्या जागी आलं.

सत्यवानाची मुलगी अक्षया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा लागला होता. अवेळी कळा सुरू झाल्या तर आधी खाडी ओलांडायला होडी, मग रिक्षा, मग खड्डे. गेल्या आषाढात शेजारच्या मथुरेचं बाळ होडीतच गेलं. तसंच काही झालं तर मुलीला काय तोंड दाखवू, असं सत्यवानाला वाटायचं.

"पिक्चरमध्ये बघितलंत ना आपलं आरोग्य केंद्र?" साहेब विचारत होते. "ते कुणी दिलं?"

"साहेबांनी!" टोप्या ओरडल्या.

बायकांच्या बाजूला अक्षया सुजलेले पाय लांब करून बसली होती. तिने बापाकडे पाहिलं.

भाषण संपलं. पक्षाचा कार्यकर्ता चंदन लगबगीने सत्यवानाच्या कानाशी आला. "काका, दोन मिनटात आटपा. साहेब परत निवडान येवंदेत आणि पिक्चराक बक्षीस मिळांदे, इतकाच घाला. टपरीवरचा काय हयसर नको हां."

"देवासमोर माका खोटा बोलाक येणा नाय, चंदन."

"मग खरा बोला," चंदन हसला. "पण आटपा."

लोक उभे राहिले. चपला निघाल्या. साहेबांनीही बूट काढले, हात जोडले, डोळे मिटले. ते मूळचे खाडीपलीकडचेच, आईच्या कडेवर बसून गाऱ्हाणी ऐकलेले. सत्यवानाने आवाज चढवला नाही. शेजाऱ्याशी बोलावं तसा तो देवाशी बोलू लागला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"साहेबांनी भाषण बरा केल्यानी. पण ता पिक्चरातल्या हॉस्पिटलाचा केल्यानी. पिक्चरातल्या बाईक नर्स गावली, आमच्या बायकांक नुसता कुलूप गावला रे म्हाराजा!"

टोप्या एकमेकींकडे बघू लागल्या. चंदनचं तोंड उघडंच राहिलं. गाऱ्हाणं मधे तोडायची कुणाची छाती नसते, त्याचीही नव्हती. मग बायकांतून एकटा बारीक आवाज आला. मथुरेचा.

"व्हय म्हाराजा."

आणि पाठोपाठ सगळा मांडव. टोप्यासुद्धा. देवाच्या दारात गप्प कोण राहणार?

साहेबांचे डोळे अजून मिटलेलेच होते. मन बहुधा कुडाळच्या सभेला पोचलं होतं. सत्यवानाने नारळ कपाळाला लावला.

"तर देवा, ह्या कुलूप येत्या पुनवेच्या आत उघडांदे. आणि ता उघडल्याबिगर जो कोण ह्या गावात मतां मागूक येयत, तेची वाट तू खाडीपलीकडेच अडव रे म्हाराजा!"

'रे म्हाराजा' कानावर पडलं की मालवणी माणूस कितीही मोठा झालेला असो, त्याचं तोंड आपोआप उघडतं. जन्माची सवय ती. गावाने एका दमात हाक दिली. पण कॉलरचा माइक बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. चारी कर्ण्यांतून, खाडीच्या पाण्यावरून पार पलीकडच्या गावापर्यंत, सगळ्यांच्या वर साहेबांचा आवाज गेला:

"व्हय म्हाराजा!"