रुमालाखालचा सौदा

टाचणी टोचून झाली. तळहातावर बर्फ ठेवून झाला. बेशुद्ध सिद्धलिंगप्पाच्या डोक्याला चिकटवलेल्या तारांतून मेंदूची हालचाल नव्या यंत्रात जात होती आणि यंत्राची पेनं ती कागदावर उतरवत होती. पण लाट तीच. भर दुपारी रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी सुस्त.

"स्पर्श मेंदूपर्यंत पोचतच नाही," डॉक्टर पंचाक्षरी हळूच म्हणाले. "बाई, यांना घरी न्या आता."

शरणम्मानं नवऱ्याचा हात चोळला, गालाला लावला. लाट ढिम्म.

हाच हात सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात राजा होता. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचा. सिद्धलिंगप्पाच्या बोटांना याची इतकी खोड, की जेवताना ती भाकरीलाही भाव विचारत. एकदा त्यानं प्रेमानं जावयाचा हात धरला, तर जावई सायकल विकून मोकळा झाला.

दारात दुधनीचा तिप्पण्णा येऊन उभा राहिला. तोही दलाल, सिद्धलिंगप्पाचा जुना हाडवैरी. शरणम्मानं डोळे पुसले.

"भावजी, दुष्काळात पोटच्या पोरावानी जगवलेला खिलारी खोंड हाय. आता कोन बगनार त्याला? तुमीच न्या. काय द्याल ते द्या."

खोंडावर तिप्पण्णाचा कधीपासून डोळा होता. तरी तो म्हणाला, "नेतो की. पर मालकाच्या बोटाबिगर सौदा व्हत न्हाय, वैनी. रीत हाय."

त्यानं खांद्यावरचा रुमाल त्या निपचित हातावर टाकला, आत हात घातला आणि अगदीच पडेल भाव दाबला.

यंत्र खडखडलं. पेनं अशी उधळली की कागद सोडून टेबलावर रेघा ओढू लागली. एक तर डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर चढलं.

"काय केलंत? काय टोचलंत?" डॉक्टर धावले.

रुमाल हलत होता. तिप्पण्णाचा चेहरा उतरत चालला. हात ओढायला गेला, तर सुटेना.

"भावजी, बोला की! जित्तं हायत न्हवं मालक?"

"जित्तं म्हंता?" तिप्पण्णानं मोकळ्या हातानं घाम पुसला. "वैनी, खोंड ऱ्हायला बाजूला. ह्यो माझीच बैलजोडी मागतोय, आन् तीबी फुकापासरी!"