आडनावाचा रकाना

चेन्नईतल्या कंपनीच्या दारातलं यंत्र तेन्मोळीला पास देईना. आडनाव तिच्या घरात कुणालाच नव्हतं. त्या रकान्यात तिने नेहमीसारखं वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर टाकलं. यंत्राला निदान दोन हवी होती. "तेच अक्षर दोनदा दाब, पोरी! सगळे तसंच करतात," रखवालदार वैतागला. "माझ्या प्रमाणपत्रांवर एकदाच आहे, अण्णा. नाही दाबणार." शेवटी त्यानेच आत फोन करून प्रकार सांगितला आणि तिला सोडलं. सॉफ्टवेअर टेस्टरच्या मुलाखतीला ती उशिरा पोचली. मुलाखत घेणारे सेंदिलसाहेब भडकलेच. "आणखी एक अक्षर दाबायला काय जात होतं?" "दाबलं असतं, तर यंत्रातली चूक झाकली गेली असती. चुका शोधायलाच आलेय मी." "चूक कसली? आजवर एकाचीही तक्रार नाही!" तेन्मोळीची नजर त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली: सेंदिल के. के. "सर, पहिला के म्हणजे तुमचे वडील. दुसरा कोण?"